डॅडींच्या रायफलीतून निघालेल्या चिंध्या

भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. बोळिंजला फ्लॅट, अंधेरीला नोकरी, रविवारी चर्चमध्ये मिस्सा... बस्स. तरी जे घडलं ते लिहितोय.

गिरीज गावात आमची नारळ-केळीची वाडी आहे. तिथे डॅडींकडे आजोबांची शिकारीची रायफल होती, परवान्याची. आजोबा तिने तुंगारच्या डोंगरात रानडुकरं मारायचे, हे लहानपणापासून ऐकत आलोय. डॅडी आता ऐंशीचे. आपल्यामागे परवाना माझ्या नावावर व्हावा, एवढा एकच हट्ट त्यांनी धरलेला. मीही हो म्हटलं होतं.

निवडणुकीपुरती पोलीस ठाण्यात जमा केलेली रायफल परत मिळाली, तेव्हा रविवारी मिस्साहून आल्यावर आम्ही ती साफ करायला बसलो. आमच्या घरचा जुना गाढवपणा म्हणजे नळीला वाडीतल्या नारळाचं तेल लावायचं. ते चिकटतं, खवट होतं. पहिली चिंधी काळी निघाली, वास मारायला लागली, तेव्हा मी डॅडींना चिडवलंसुद्धा.

दुसरी तपकिरी. तिसरी ओली, लालसर... आणि तिला दोन लांब काळे केस चिकटलेले. वास आता खवट नव्हता हो — सडक्या मांसाचा होता. शी! रॉकेल ओतून नळी धुतली. आरपार बघितलं तर आत लख्ख. नवी चिंधी घातली, पुन्हा तेच.

डॅडी म्हणाले, एक बार काढला की घाण निघून जाईल. (वाडीत असं करणं कायद्यात बसत नाही, मान्य. झोडू नका.) घड उतरवलेल्या केळीच्या बुंध्यावर त्यांनी गोळी झाडली. भोकातून केळीचं पाणी गळायला हवं होतं. गळत होतं ते लाल, दाट. बोट लावलं तर कोमट. मिनिटभरात माश्या घोंगावायला लागल्या. मी तिथेच ओकलो.

डॅडी मात्र वास घेत उभे राहिले. मग म्हणाले, “परवाना तुझ्या नावावर नको करूस.”

मी कारण विचारलं.

“हा वास मला ठाऊक आहे. मी सात वर्षांचा असेन. तुझे आजोबा शिकारीहून रिकाम्या हाती आले. डुक्कर पळालं म्हणाले. त्या दिवशी बंदुकीला हाच वास होता. आणि डुकराचे केस एवढे लांब नसतात.”

आता हॉलमधल्या आजोबांच्या फोटोकडे बघवत नाही. किळस येते, अगदी सरळ सांगतो. पण इतक्या वर्षांत शंभरदा पुसलेल्या नळीत ते कुठून आलं, हे मला आजही कळलेलं नाही.

रायफल ठाण्यात कायमची जमा केली. अर्जात कारण लिहायचं होतं. डॅडींनी पेन माझ्यापुढे सरकवलं. शेवटी मीच लिहिलं — वयोमान.