एका हाताचा चाकू

सुधीरकाकांनी घडीचा चाकू दातांत धरून उघडला आणि मी भर क्लिनिकमध्ये ओरडले, “काका, काय करताय!”

“अगं, पण उघडला की नाही?” काका खूश होते.

मी अमेरिकेत एडिसनला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आणि सुधीरकाका माझे पेशंट. आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत, हे बघणं माझं काम. काका आयुष्यभर सॉफ्टवेअरमध्ये होते. रिटायर झाल्यावर घोड्यांच्या एका तबेल्यात काम करू लागले आणि तिथेच रमले. मग स्ट्रोक आला. चालणं सुधारलं, उजवा हात मात्र लुळा राहिला.

तबेल्याच्या मालकिणीची, रूथची, एकच अट होती. कमरेला चाकू हवा, आणि तो एका हाताने काढून परत ठेवता आला पाहिजे. बांधलेला घोडा बिथरला की दोरी आवळते, गाठ सुटत नाही. कापायला उशीर झाला तर घोडा किंवा माणूस, कुणीतरी जायबंदी होणार. अट जमली नाही तर काकांसाठी तबेला बंद.

तेव्हा घडीचा चाकू बाद. आम्हाला हवा होता फिक्स्ड ब्लेड, म्हणजे पातं मुठीत कायमचं बसवलेलं, आपल्या स्वयंपाकघरातल्या सुरीसारखं. उघडायची भानगडच नाही.

काकांनी रिव्ह्यूजचा फडशा पाडला. “हे स्टील बघ! महाग आहे, पण धार जातच नाही म्हणे.”

“सोन्याची सुरी झाली म्हणून उरी मारून घ्यायची का? गवतात पडला तर सापडेल तरी?”

“नाही सापडणार,” काका पडेल आवाजात म्हणाले.

मग आम्ही स्वस्तातला घेतला. पातं बोटभर लांब आणि दातेरी, कारण दोरीला दाते बरे. टोक बोथट. मूठ जाड आणि रबरी.

आमची मॅनेजर डोना हे बघून उडालीच. “क्लिनिकमध्ये चाकू? नो वे!”

“धारेवर टेप लावलाय. चुकायचं असेल तर ते माझ्यासमोर चुकू देत. घरी कोण बघणार?”

डोनाने कपाळाला हात लावला, पण परवानगी दिली.

चाकू काढणं काकांना दोन-तीन दिवसांत जमलं. परत ठेवताना मात्र माझी पाचावर धारण बसली. म्यान मऊ चामड्याचं होतं. चाकू काढला की त्याचं तोंड मिटायचं, ते धरून ठेवायला दुसरा हात लागायचा. काका आंधळेपणाने खुपसायचे आणि पातं लुळ्या हातावर घासायचं. त्या हाताला धड संवेदना नव्हती, टेप नसता तर कापलं असतं आणि कळलंही नसतं. मी इतके दिवस मूठ आणि पातंच बघत बसले होते.

मग कडक प्लॅस्टिकचं म्यान मिळणारा चाकू शोधला. त्याचं तोंड कायम उघडं. ते डाव्या बाजूला, लुळ्या हातापासून लांब, पट्ट्यावर घट्ट बसवलं. चाकू पूर्ण आत गेला की टक्कन आवाज यायचा. काका मान वर ठेवून सराव करायचे आणि टक् झालं की लहान मुलासारखे हसायचे.

परीक्षेच्या दिवशी मीही तबेल्यात गेले. रूथने खांबाला दोरी ताणून बांधली. काकांनी टेप उतरवलेला चाकू काढला, दोरी तटकन तुटली. रूथ आतून बेला नावाची म्हातारी घोडी घेऊन आली आणि तिची दोरी काकांच्या उजव्या खांद्यावर टाकली.

काका चाकू परत ठेवत होते. तेवढ्यात बेलाने मान खाली घातली आणि दोरी खांद्यावरून घसरली.

काकांनी ती उजव्या हाताने पकडली.

क्लिनिकमध्ये चेंडू दाबा म्हटलं की हीच बोटं जेमतेम थरथरायची. आता ती दोरीभोवती मिटली होती, आणि काकांना पत्ताच नव्हता! ते बेलाशी गप्पा मारत होते. “काय गं, ओळखलंस का?” काम समोर आलं की हात कधी कधी आपोआप हलतो, असं पुस्तकात शिकले होते. पण डोळ्यांनी बघणं वेगळं. मी चकार शब्द काढला नाही. काकांचं लक्ष गेलं असतं तर मूठ सुटली असती.

टक् आवाज झाला.

“सोमवारी ये,” रूथ म्हणाली.

काकांनी डाव्या हाताने डोळे पुसले. उजव्यात अजून बेलाची दोरी होती.

आता कुणी मला चाकूबद्दल विचारलं तर मी एवढंच सांगते: आधी म्यान बघा, पात्याचं स्टील नंतर. आणि सराव खऱ्या कामावर करा, चेंडूवर नको.