भोजराजभाऊंच्या दोन शिश्या

भोजराजभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दरेकसाकडच्या एका टोल्यावर, छोट्याशा वस्तीत, लस टोचत होते. हातात बाळाची मांडी, ती सोडता येईना. सगळी पोरं उरकली, मग आंब्याखाली बसून रडले. रडता रडता मनात आलं, आता ते गुपित फक्त मलाच ठाऊक... आणि माझीच मला किळस आली.

भाऊ आमच्या दवाखान्यात फार्मासिस्ट होते, मी नवी कंत्राटी नर्स. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका ग्लासात मिठाचं पाणी, दुसऱ्यात पातळ केलेली भाताची पेज माझ्यासमोर ठेवली आणि टॉर्च लावला. मिठाच्या पाण्यातून टॉर्चचा उजेड नुसताच पार गेला. पेजेत मात्र त्याची वाट दिसली. याला कोलॉइड म्हणतात, ते म्हणाले, कण इतके बारीक की विरघळतही नाहीत, खालीही बसत नाहीत. लसीतही ॲल्युमिनियमचे जवळपास तसलेच कण, हलवले की बराच वेळ तरंगणारे, औषध त्यांनाच चिकटलेलं. गोठलं की ते गोळा होतात. मग कितीही हलवा, फाटलेलं दूध पुन्हा दूध होत नाही. म्हणून आइसपॅक आधी फ्रीजरबाहेर ठेवायचा, कानाशी हलवायचा, आत पाणी वाजलं तरच लसीच्या डब्यात घालायचा.

मी कसली अतिशहाणी! मे महिन्याचं ऊन, टोला लांब. जितकं थंड तितकं बरं म्हणून दगडासारखे पॅक तसेच कोंबले. संध्याकाळी उरलेली शिशी परत आली. भाऊंनी ती हलवून टेबलावर ठेवली. थोड्याच वेळात वर निवळ पाणी, खाली चोथा. ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासोबत घरोघरी फिरून त्यांनी पोरांना पुन्हा लस द्यायला लावली. एक घर तेवढं बंद होतं, माणसं मजुरीला गेलेली. त्या घरातली पोर पावसाळ्यात परतली, घटसर्पानं आजारी पडली, आणि चार दिवसांत गेली. लस गोठली नसती तर ती वाचली असती का, हे कोणीच छातीठोकपणे सांगितलं नाही.

चौकशीत भाऊंनी लिहून दिलं, "पॅक मीच भरले." असं काऊन केलं, विचारलं तर म्हणाले, "तुही नोकरी कंत्राटी, माही पक्की. काम शिकली ना आता? बस." पुढे आठवडी बाजारात त्या पोरीच्या आईनं त्यांना भर गर्दीत खुनी म्हटलं. ते मान खाली घालून उभे राहिले. मी चार हातांवर वांगी निवडत होते... निवडतच राहिले.

परवा भाऊंच्या घरी जाऊन वहिनींना भेटले, सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "त्यायच्या हातून असं होत नाही, हे मले मालूम होतं. ते काही बोलले नाही. पण तू येशील म्हणून वाट पाहून राहिले होते. शेवटपर्यंत."

त्यांनी खिडकीतल्या दोन शिश्या माझ्या हातात दिल्या. नव्या नर्सना शिकवायला भाऊंनी ठेवलेल्या, एक चांगली, एक मुद्दाम गोठवलेली. घरी येऊन दोन्ही हलवल्या. एकीत चोथा लगेच बसला.

त्या पोरीची आई अजून त्याच टोल्यावर राहते. मी लिहिलेलं हे छापून येण्याआधी तिला माझ्या तोंडून कळायला हवं. आज लसीकरण तिथंच आहे. आइसपॅक बाहेर काढलेत, एक कानाशी धरून बसलेय... पाणी वाजायला लागलंय.