हवालदारबाईंची तपासणी

सर्जिकल वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरना सगळं हॉस्पिटल पाठीमागे ‘हवालदारबाई’ म्हणायचं आणि ते त्यांना ठाऊक होतं. चादरीला एक सुरकुती दिसली, की नव्या नर्सची खैर नसे. दर गुरुवारी त्या ओपीडीत रबराचं मॉडेल घेऊन बसत आणि स्तन कसे तपासायचे ते बायकांना शिकवत. “गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नका,” हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

एका गुरुवारी फरशी पुसणाऱ्या मावशींनी फडकं पिळता पिळता सहज विचारलं, “बाई, तुमची मशीनवरची तपासणी कधी झाली?”

बाई मनातल्या मनात हिशोब करू लागल्या. वय त्रेपन्न, नोकरी एकोणतीस वर्षांची, मॅमोग्राफीची खोली जिन्याच्या पलीकडे. आणि तपासणी? एकदाही नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ड्यूटी रूममध्ये विचारलं, “कुणाकुणाची झाली आहे?” एकही हात वर आला नाही.

“वेळ कुठे मिळतो?” एक म्हणाली.

दुसरी हळूच म्हणाली, “तिथली टेक्निशियन रोज आपल्याबरोबर डबा खाते हो. तिच्यासमोर कपडे कसे काढायचे?”

बाई रागावल्या नाहीत. त्यांचंही अडलं होतं ते तिथेच.

“ठीक आहे. आधी मी जाते.”

हाताला काहीच लागत नव्हतं. मशीनच्या चित्रात मात्र डावीकडे मोहरीएवढा ठिपका दिसला. सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा.

“तू नर्स असून तुला कसा झाला गं?” नवरा हबकून म्हणाला.

“तो काय आयकार्ड बघून येतो?” बाई म्हणाल्या. मग मात्र त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडल्या.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. चार महिन्यांनी त्या कामावर परतल्या आणि वॉर्डात जायच्या आधी थेट मोठ्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

“ड्यूटीच्या वेळात तपासणी? वॉर्ड कोण सांभाळणार?” साहेब म्हणाले.

“मी चार महिने नव्हते, तेव्हा सांभाळलाच ना कुणीतरी? मी तर एकेकीसाठी अर्धा तासच मागतेय.”

साहेबांनी सही केली. बाईंनी तपासणीची पाळी ड्यूटीच्या तक्त्यातच लिहून टाकली: चाळिशीपुढच्या मशीनवर, तरुण मुली हाताने तपासून घ्यायला डॉक्टरीणबाईंकडे. लाजणारीबरोबर त्या स्वतः पडद्यापर्यंत जात.

दोन महिन्यांत वॉर्डातल्या एक्केचाळीसपैकी छत्तीस जणींची तपासणी झाली. दोघींना पुन्हा बोलावलं. दोघींच्या गाठी साध्याच निघाल्या. उरलेल्या पाच जणी अजून सबबी सांगताहेत. बाई ऐकून घेतात, मान हलवतात आणि त्यांची नावं पुढच्या आठवड्याच्या तक्त्यात पुन्हा लिहितात.