पाणी पुढे, काकू मागे

आमच्या भागात कोण कोणत्या कुशीवर झोपतं हे दोघांनाच नक्की ठाऊक असतं. एक त्याच्या बायकोला आणि दुसरं कापूसकाकांना.

काका गाद्या करतात, छत्तीस वर्षं झाली. रस्त्याला लागून एका दाराचं दुकान, आत एक लांबलचक फळी, भिंतीवर मोठीपासून लहानीपर्यंत ओळीनं टांगलेल्या सुया आणि हवेत कायम तरंगणारा कापूस. त्यातला थोडा काकांच्या भुवयांवर मुक्कामाला आला तो परत गेलाच नाही. धंद्यात त्यांची एकच अट. गादीवर जो झोपणार त्यानं स्वतः दुकानात यायचं आणि फळीवर अंथरलेल्या अर्ध्या भरलेल्या गादीवर आडवं व्हायचं, घरी झोपतो तसंच. ‘माप लिहून पाठवतो’ म्हणणाऱ्याला ते सरळ सांगतात, “ते पलंगाचं माप झालं. तुम्ही या.” त्यामुळे एक नामांकित वकील भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तोंड उघडं टाकून घोरत पडलेला मी पाहिला आहे. एका जोडप्यानं एकाच पलंगासाठी दोन वेगळ्या गाद्या करून घेतल्या आणि महिन्याभरानं त्या जोडून मागितल्या, हेही मला ठाऊक आहे. कोण, ते विचारू नका. तिसऱ्या मजल्यावर राहतात, एवढंच सांगतो.

तर ज्यानं अख्ख्या वस्तीला सुखानं झोपवलं, त्या माणसाच्या नशिबी यावी दगडासारखी गाडी!

झालं असं. मागच्या वर्षी काकू जिन्यावरून घसरल्या. पाठीचं ऑपरेशन झालं, सहा महिने अंथरुणात गेले, मग पट्टा बांधून घरातल्या घरात फिरू लागल्या. डॉक्टर म्हणाले, “प्रवास करा, पण दणके नकोत.” आणि काकूंना एकच प्रवास करायचा होता. साठ किलोमीटरवर त्यांची थोरली बहीण राहते. तिचे गुडघे गेलेले, ती येऊ शकत नाही. महिनाअखेरीला ती कायमची मुलाकडे निघाली होती, समुद्रापलीकडे. त्या वयात, त्या गुडघ्यांनी गेलेलं माणूस परत कधी येतं? दोघी रोज फोनवर बोलत, आणि फोन ठेवला की काकू उगीचच कपाट आवरायला घेत.

म्हणून काकांनी विजेवर चालणारी गाडी घेतली. वापरलेली, पण चांगली. आवाज नाही, थरथर नाही, लोण्यासारखी पळते, असं ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलेलं. काकू मागे बसल्या, कारण पाय आडवा टाकायला मागेच जागा. गाडी गल्लीत शिरली. पहिल्या स्पीडब्रेकरला काकूंनी दांडी धरली, दुसऱ्याला डोळे मिटले, तिसऱ्याला म्हणाल्या, “अहो, परत फिरवा.”

वर आल्यावर पट्टा सोडताना एवढंच बोलल्या, “ताईला फोनवरच बघेन आता.”

काकांनी आधी आपल्या धंद्यातला इलाज केला. मागच्या सीटवर चार बोटं जाड, भुसभुशीत उशी शिवून टाकली. स्वतः बसून पाहिलं, उभ्या गाडीत. छान वाटली. चालत्या गाडीत मात्र पहिल्याच खड्ड्याला तिनं काकूंना असं उडवलं की डोकं छताला लागायचं तेवढं राहिलं. “मला काय चेंडू समजलात?” म्हणून काकू पायीच घरी गेल्या. गाडी फाटकापर्यंतच पोचली होती म्हणून बरं.

मग काका आमच्या रविवारच्या बैठकीत आले.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भिंतीशी चार चार्जिंगची खोकी आहेत. रविवारी सकाळी तिथं गाड्या लावून त्यांचे मालक चहाचे कप हातात घेऊन उभे राहतात. माझ्याकडे गाडी नाही, म्हणून मी सगळ्यांच्या गाडीत बसतो. एक बँकवाले, रिटायर झालेले. काकांच्याच गाडीचं जरा आधीचं मॉडेल त्यांच्याकडे आहे, त्यामुळे तिच्यात काही खोट काढली तर त्यांना ती घरच्या माणसावरची टीका वाटते. एक दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांचं त्याच गाडीचं यंदाचं मॉडेल, ज्यात कंपनीनं म्हणे लोकांच्या तक्रारी ऐकून सस्पेन्शन बदललं. आणि एक मास्तर, गणिताचे क्लास घेतात. मास्तर आमचे गुरू. एका चार्जमध्ये गाडी किती पळते याचा आकडा ते असा सांगतात, जसा दुसरा कोणी पोरीचे मार्क सांगेल.

“माझी अजून मऊ आहे,” बँकवाले म्हणाले. “स्प्रिंगा बसायला वेळ लागतो. नव्या नवरीसारखं असतं.”

“तुमची नवरी पाच वर्षांची झाली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खड्ड्यात गेली की भांडी पडल्यासारखा आवाज येतो. मला दवाखान्यात ऐकू येतो.”

“तो माझ्या डिकीतला डबा आहे!”

“मग डब्याला शॉकअप लावा.”

मास्तरांनी भांडण शास्त्रावर आणलं. परीक्षा घ्यायची. स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून पुढे डॅशबोर्डवर ठेवायचा, खाली ताटली. गल्लीतून पाच स्पीडब्रेकर ओलांडून यायचं, वेग वीस. ताटलीत कमी पाणी त्याची गाडी मऊ. ग्लासावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे पुढची सीट मला मिळाली. मी तक्रार केली नाही. बँकवाल्यांच्या गाडीनं अर्धा ग्लास सांडला आणि त्यांनी तो माझ्या श्वासावर ढकलला. डॉक्टरीणबाईंच्या नव्या गाडीनं चार चमचे. काकांच्या गाडीनं पाण्याबरोबर ग्लासही खाली टाकला, माझ्या पायजम्यावर.

“शॉकअप बदला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “माझ्या मॉडेलचे तुमच्या गाडीला बसतात. मिस्त्री बसवून देतो.”

मिस्त्रीनं दोन दिवस गाडी ठेवून घेतली. चारही शॉकअप नवे, मागच्या स्प्रिंगाही नव्या मॉडेलच्या. पुन्हा ग्लास, पुन्हा गल्ली. या खेपेला ताटलीत तीन चमचे! बँकवाल्यांनी मोजणीवर शंका घेतली, यावरूनच काय ते समजा. काका लहान मुलासारखे जिन्यानं वर धावले.

काकू दुसऱ्या दिवशी तयार झाल्या. नवी साडी, पट्टा, ताईसाठी शिवलेल्या दोन अभ्र्यांची पिशवी. आम्ही सगळे फाटकाशी हात हलवायला उभे. गाडी गेली, गल्लीच्या टोकाला थांबली आणि उलटी फिरून आली. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता.

“पाणी सांडलं नव्हतं गं, खरंच,” काका दार उघडून अजिजीनं म्हणाले.

काकू सावकाश उतरल्या. “तुमचं पाणी पुढे बसलं होतं. मी मागे बसते.” आणि जिन्याकडे वळता वळता म्हणाल्या, “आठ दिवस राहिलेत. आता मला विचारू नका.”

पार्किंगमध्ये अशी शांतता मी फक्त वर्गणी मागताना पाहिली आहे. आम्ही पाच शहाणी माणसं, तीन रविवार, चौदा फेऱ्या, आणि मागच्या सीटवर एकदाही कोणी बसलं नव्हतं. त्यात एकाचा तर सारा धंदाच झोपणाऱ्याला आधी आडवं करण्याचा!

काकांनी गाडीतून किल्ली काढली. मग डॉक्टरीणबाईंच्या हातात किल्ली ठेवली. “बाई, तुम्ही चालवा.” आणि स्वतः मागे जाऊन, चपला काढून, काकू बसतात तसे पाय आडवा टाकून रेलले. मी माझ्या नेहमीच्या जागी, पण पहिल्यांदाच मान मागे वळवून.

पहिल्या स्पीडब्रेकरला काकांच्या भुवयांवरचा कापूस उडाला. दुसऱ्याला त्यांनी अशी शिवी दिली की डॉक्टरीणबाईंना ती नवीन होती. पाचव्यानंतर ते उतरले आणि मागच्या टायरपाशी उकिडवे बसून अंगठ्यानं टायर दाबू लागले, गादी दाबतात तसा. इथं, तिथं, पुन्हा इथं.

“हे कुणी ठासून भरलंय?”

“बेचाळीस हवा!” मास्तर अभिमानानं म्हणाले. “आपण सगळेच भरतो. टायर टणक, गाडी हलकी पळते. एका चार्जला अठरा किलोमीटर जास्त.”

“कंपनी किती सांगते?”

कोणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पुढचं दार उघडलं. खांबावर आतल्या बाजूला एक चिकटपट्टी होती, त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. तेहतीस.

“मला वाटायचं तो काहीतरी कारखान्याचा नंबर आहे,” बँकवाले पुटपुटले. यांनी चाळीस वर्षं लोकांना कागद नीट वाचून सही करायला लावली.

काकांनी मग आम्हाला समजावलं, आणि तेव्हा ते गाडीचे नाही, गादीचे कारागीर म्हणून बोलत होते. मागच्या स्प्रिंगा भरल्या गाडीचं वजन पेलायला केलेल्या. एकट्या काकू बसल्या तर त्या वाकतच नाहीत, काकूंना मोजतच नाहीत. मग उरतं टायर. तेच तेवढं खाली दबणार, आणि तेही आपण दगड करून ठेवलं. पुढच्या सीटला हे कळत नाही, कारण दणका मागे बसतो. डॉक्टरीणबाईंच्या गाडीतही हीच गोष्ट, फक्त तिथं मागे त्यांची पर्स बसते आणि पर्सला बोलता येत नाही.

“शॉकअप वाया गेले म्हणायचे,” बँकवाले जरा खुशीतच म्हणाले.

“वाया कशाला? गादी खाली भक्कम लागते, वर नरम. भक्कम झालीय. नरम करायची राहिलीय.”

फुस्स आवाज झाला. काका एकेका चाकातली हवा सोडत होते आणि मास्तर शेजारी उभे राहून कुणीतरी गेल्यासारखे बघत होते. “अठरा किलोमीटर, काका! अठरा!”

“मास्तर, तुम्ही शेवटचे शंभर किलोमीटर कधी गेलात?”

मास्तरांनी विचार केला. “मेव्हण्याच्या लग्नाला.”

“त्याचा मुलगा तुमच्याच क्लासला येतो ना?”

आता प्रश्न होता काकूंचा. विचारायचं नाही असं त्यांनी बजावलेलं. काका वर गेले, दारातच उभे राहिले. हे मला काकूंनीच नंतर सांगितलं, नक्कल करून.

“विचारायला आलो नाही. दुकानाचं काम आहे.”

“काय?”

“एक गादी अर्धी भरून झालीय. ज्यानं झोपायचं ते माणूस यायला हवं. त्याच्याशिवाय मी पुढे भरत नाही, तुला माहीतच आहे.”

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे मी गिऱ्हाईक?”

“हो.”

“मग तक्रारी ऐकून घ्याव्या लागतील. तोंड वाकडं करायचं नाही.”

“नाही करणार.”

“आणि ती चेंडूची उशी आधी फेकून द्या.”

चार दिवस काकूंनी त्या माणसाला पळवलं. रोज सकाळी एक फेरी, आधी पार्किंगमध्येच, मग फाटकापर्यंत, मग एक स्पीडब्रेकर, मग दोन. मागून हुकूम सुटत. “कमरेत पोकळी राहतेय. नाही, एवढं नको, बाळंतिणीची उशी आहे का ती?” काकांनी पातळ, घट्ट भरलेली कापसाची पट्टी शिवली, उसवली, पुन्हा शिवली. “ब्रेक दाबताना आधी सांगत जा. मला काय स्वप्न पडतं?” तिसऱ्या दिवशी कळलं की स्पीडब्रेकर तिरका घेतला की काकूंना जास्त लागतो आणि सरळ, अगदी हळू घेतला की लागत नाही. हे ज्ञान आमच्या बैठकीत कोणाकडेच नव्हतं, कारण तिरपं काढणं ही आम्ही कला समजत होतो. चौथ्या दिवशी पाचही स्पीडब्रेकर झाले. काकांनी भीत भीत आरशात पाहिलं.

“बघताय काय? पुढे बघा,” काकू म्हणाल्या. “उद्या सकाळी आठला निघू. उन्हाच्या आत.”

साठ किलोमीटरला त्यांना सव्वादोन तास लागले. वाटेत एका बैलगाडीनं त्यांना मागं टाकलं अशी अफवा आहे. ती मीच उठवली. पुलाजवळ एक खड्डा काकांना उशिरा दिसला आणि दणका बसला, खराखुरा. काकांनी गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकत ठेवले आणि मागे वळून बघायचं त्यांना धाडसच होईना.

“लागलं,” मागून आवाज आला. मग थोड्या वेळानं, “पण इतकं नाही. चला.”

ताईंच्या घरी वेगळीच अडचण. घर रिकामं झालं होतं. खुर्च्या, पलंग, सगळं देऊन टाकलेलं, उरलेली फक्त खोकी आणि जमिनीवरची सतरंजी. काकूंना खाली बसता येत नाही, ताईंना खाली बसलं तर उठता येत नाही. दोघी बहिणी दारात एकमेकींचे दंड धरून उभ्या, आणि बसायला जागा नाही.

“गाडीत बस ना, ताई,” काकू म्हणाल्या.

मग दारासमोर उभ्या गाडीत, मागच्या सीटवर, दोन्ही दारं उघडी टाकून त्या दोघी तीन तास बोलल्या. काकांनी दोनदा चहा आणून दिला, खोक्यांना दोऱ्या बांधल्या, शेजाऱ्यांना ‘नाही, गाडी बिघडलेली नाही’ असं सांगितलं. मधूनच आतून हसण्याचा फवारा येई, आणि काका जवळ गेले की दोघी गप्प. यावरून विषय कोणाचा होता ते काकांना समजलं.

निघायची वेळ झाली तरी ताई उतरेनात. सीटवरून हात फिरवत म्हणाल्या, “छोटे, गुरुवारी मला विमानतळावर न्यायला भाड्याची गाडी सांगितलीय. तो माणूस फार आदळत नेतो गं.”

काका तोंड उघडणार, तोच काकू म्हणाल्या, “नको म्हणून सांग त्याला. आम्ही येतो. आदल्या दिवशीच येतो.” आणि पुढच्या सीटच्या पाठीवर बोटानं टकटक केली. “ऐकलंत ना? पुलाजवळचा तो खड्डा कुठे आहे, नीट बघून ठेवा जाताना.”