वेल्डरची पोलीस चौकशी

पेणला आमच्या शेजारी रोह्याचा एक वेल्डर राहायचा. वाक्य संपलं की तो आधी स्वतःच हसायचा, मग आपल्यालाही हसू यायचं. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्याची निवड झाली, पण रुजू होण्याआधी पोलीस चौकशी होती. बंद पडलेल्या वर्कशॉपचं कर्ज त्याच्या डोक्यावर होतं. असा माणूस पैशासाठी फितेल अशी शंका घेतात, म्हणून मी त्याला म्हणालो, “कर्जाचं बोलू नकोस.”

“नाय काका. लपवलं तर उद्या कोन पन मला त्याच्यावरून दाबंल,” तो म्हणाला आणि हसला.

हवालदार आले त्या दिवशी त्याने आपल्या तिन्ही घेणेकऱ्यांना, म्हणजे पत्र्याचा दुकानदार, मेव्हणा आणि पतपेढीचा कारकून यांना, चहाला बोलावून खाटेवर बसवलं होतं.

“साहेब, ह्यांचं देनं हाय माझ्यावर. इचारा त्यांना, हप्ता चुकवतो का.”

“चुकवत नाय,” दुकानदार म्हणाला. “पन हप्ता द्यायला आला की तासभर हसवत बसतो, गिऱ्हाईक खोळंबतं.”

हवालदारांच्या बशीतला चहा हिंदकळला.

पुढे मंजुरी आली. पहिल्या सुट्टीला तिघांनाही एकेक करून गाडीवर मागे बसवून त्याने कारखान्याचं गेट दाखवून आणलं.