सारजाच्या उसातली तालीम

सारजानं पोराला, भिमाला, वेड्याचं सोंग उसात शिकवलं, अशी वडगाव निंबाळकरात कुजबुज होती. भर दुपारी मायलेकरं फडात शिरायची आणि आतून आरडाओरडा यायचा. बानूबाई शपथेवर सांगायची, "तालीमच हुती ती! ह्या कानांनी ऐकलीय." बानूबाईचे कान म्हणजे गावाचा भोंगा; आत गेलेलं वाजल्याशिवाय राहत नाही.

जत्रेत राक्षसाचं सोंग भिमाच घ्यायचा, हे खरं. त्यानं शेजारच्या गेणबाआबांचा कोयत्यानं खून केला आणि 'त्या वेळी त्याला भान नव्हतं' म्हणत कोर्टानं निर्दोष ठरवून इस्पितळात धाडलं, तेव्हा हेही सोंगच म्हणत गाव पेटलं. "येडं व्हायचं आन् सुटायचं! मग आमीबी हुतो की येडे!" पारावर पिंका टाकत जो तो वकील झाला. कुणाच्या अंगात आलं की नारळ घेऊन पळणारी ही माणसं. पण डोक्यालाही आजार होतो म्हटलं की यांना सोंग दिसतं!

यंदा डॉक्टर म्हणाले, भिमा गोळ्यांवर शांत आहे. घर सांभाळणार असेल, गावाची हरकत नसेल, तर त्याला घरी सोडायची कोर्टाकडं मागणी करता येईल. सारजा दुधाची किटली घेऊन डेअरीवर आली आणि गेणबाआबांच्या पोरापुढं, रतनपुढं उभी राहिली.

"रतन, तू तेवढं न्हाय म्हणू नगंस."

"सोंगाड्याला घरी आणताय व्हय, काकू?" रतननं कॅन आपटला. "उसात घोकून घेतलं आन् कोर्टात म्हणून दावलं!"

"बक्षीस द्या की त्येला!" मागून बानूबाई. रांग खदाखदा हसली.

जन्मात मोठ्यानं न बोललेली सारजा कडाडली, "हसा! खुनाच्या आधी दोन साल वरडत हुतं माझं लेकरू. तवा कोण आलं बघाया? रतन, तुझा बाप आला. तालीमच म्हणतोस, तर त्योबी तिच्यात हुता. भिमाचे हात त्योच धरून बसायचा. जवळ हुता, म्हणून त्योच सापडला."

रांगेतलं हसू विरलं. रतननं कॅन उचलला.

"आणा," तो खाली बघत म्हणाला. "पर माझ्या दारावरनं नगं."

उसात तालीम नव्हती. भिमा आजारी होता. गावानं त्याला येडा म्हणू नये म्हणून सारजा त्याला ओरडायला तिथं नेत होती.