रंग नखाला, सूज पापणीला

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेशिवाय मी आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला, त्यामुळे चुकलं तर सुधारून द्यायलाही कुणी नाही. त्यात विषय नेलपॉलिशचा. मुलानं यावर लिहावं का, हेही मला नीट ठरवता आलेलं नाही. म्हणून आधीच माफी मागतो. पण आईच्या डोळ्यांचं काय झालं ते मी पाहिलं आहे आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आईचं घोडेगावच्या बाजारात कटलरीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ताडपत्री आणि दोन फळ्या. म्हशींचा बाजार संपतो त्याच्या पुढे, रस्त्याच्या तोंडाशी ती बसते. टिकल्या, पिना, बांगड्या असं सगळं असतं, पण पोरी थांबतात त्या नेलपॉलिशपाशी. प्रत्येकीला बाटली उघडून दाखवत बसलं तर रंग वाळून जातो. म्हणून आईनं एक युक्ती काढली होती. बाजाराच्या आदल्या दिवशी ती दहा नखांना दहा रंग लावायची आणि गिऱ्हाईक आलं की नुसता हात पुढे करायची. पोरी म्हणायच्या, "मावशी, ह्या करंगळीवरचा द्या."

शेजारचा मिरचीवाला चिडवायचा, "वहिनी, तुमच्या हाताची तर बारा महिने रंगपंचमी हाय."

"तुमी मिरच्या इका. हात माजा हाय."

बाजार उठला की रिमूव्हरनं सगळं पुसायचं आणि पुढच्या बाजाराला नवे रंग चढवायचे. या दुकानामुळेच तिचं ऊसतोडीला जाणं सुटलं. त्यामुळे मला त्या रंगीत हाताचं कौतुकच होतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर तिच्या पापण्या सुजलेल्या होत्या. लालभडक, कोरड्या, कडेनं कातडी सुटत होती. सकाळी ओल्या फडक्यानं शेकल्याशिवाय डोळे उघडत नव्हते. गावातल्या डॉक्टरांनी थेंब दिले होते. त्यानं फरक पडेना म्हणून काजळ बंद झालं, मग चुलीपाशी बसणं बंद झालं, मग वांगी. गल्लीतल्या बायकांचं निदान वेगळंच होतं.

"पोरगं नगरला गेल्यापासून रडून रडून डोळे घालवले हिनं."

"रडायला मला येळ कुठंय गं?" आई म्हणायची.

पण एके दिवशी तिनं गुपचूप सुई-दोरा माझ्या हातात दिला. डोळ्यांतून सारखं पाणी येत असल्यानं तिला दोरा ओवता येईना. डोळेच गेले तर काय, असं माझ्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन नगर गाठलं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळा चांगला आहे, दुखणं वरच्या कातडीचं आहे. मग सावेडीतल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी पापण्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, हात दाखवा."

आईनं हात पदराखाली घेतले. "डोळे दुखत्यात बाई. हात न्हाई."

"दाखवा तर."

दहा नखं, दहा रंग. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, दुखणं या रंगाचंच आहे. नख टणक, बोटांची कातडी जाड; त्यांना काही होत नाही. पापणीची कातडी मात्र अंगावरची सगळ्यात पातळ, आणि रंग लावलेला हात दिवसभर डोळ्याला जातोच. पुढे त्यांनी आईच्या पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली. रंग नखाला धरून राहावा म्हणून फॉर्माल्डिहाइडपासून बनवलेली एक राळ नेलपॉलिशमध्ये घालतात. त्या राळेच्या पट्टीखालीच कातडी लाल झाली.

फॉर्माल्डिहाइड मला माहीत होतं. आमच्या कॉलेजात काचेच्या बरण्यांत बेडूक ठेवलेले असतात, ते याच्याच पाण्यात. नेलपॉलिशमध्ये आणखी काय असतं ते वाचत गेलो. काहींमध्ये टोल्युइन निघालं. ते आमच्या प्रयोगशाळेत बाहेर काढायचं तर सर आधी पंखा लावायला लावतात, वाफ हुंगू नका म्हणून ओरडतात. काहींमध्ये रंग तडकू नये म्हणून थॅलेट नावाचं द्रव्य, जे पोटुशा बाईनं टाळावं म्हणतात. मला पंखा, मला ओरडणारे सर. आणि माझ्या आईला? बोटाच्या पेराएवढी बाटली, तिच्यावर मुंगीच्या पायाएवढी इंग्रजी अक्षरं. कित्येक बाटल्यांवर तीही नाहीत. बाजारात आठ-नऊ वर्षांच्या पोरी हा रंग घेतात आणि शाळेत बसून तीच नखं कुरतडतात. हे कुणासाठी छापतात? वाचता येऊ नये म्हणूनच छापतात, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की आईनं रंग कायमचा सोडावा. इतरांना लावायचाच असेल तर ही द्रव्यं नसलेला, शक्यतो पाण्यात बनवलेला बघावा, उघड्या हवेत लावावा, लहान पोरींना लावूच नये. मेंदी चालेल, पण पाल्याची. तासाभरात काळी होणारी कोनातली नको. म्हणून आम्ही आईच्या नेहमीच्या होलसेलवाल्याकडे गेलो. त्यानं एक खोकं पुढे सरकवलं. बाटल्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर ठळक लिहिलं होतं, 'टेन फ्री'. मी ते आईला वाचून दाखवलं.

"एकावर धा फुकट?" आई म्हणाली. "शेठ, परवडतं कसं तुमाला?"

दुकानातली माणसं हसली. शेठही हसला. "कंपनीची काहीतरी स्कीम असेल, बाई."

म्हणजे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मी चाचरत सांगितलं की फ्री म्हणजे फुकट नव्हे. दहा वाईट द्रव्यं यात नाहीत, असा त्याचा अर्थ. बोलता बोलता माझं नख त्या चिठ्ठीच्या कडेत गेलं आणि ती सुटून आली. खाली जुनी चिठ्ठी होती. तिच्यावरच्या यादीत ती राळ होती, टोल्युइनही होतं.

"शेठ, हे काय आहे?"

"बी.एस्सी. करतोस ना? मग असंच दिसणार तुला." तो आईकडे वळला. "बाई, तुम्ही लावू नका. नुसतं विका. विष असतं तर इतक्या बायका मेल्या नसत्या का?"

आईनं सुजलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "मेल्या न्हाईत, मंजी बऱ्या हायेत का? जे माज्या डोळ्याला सोसंना ते दुसरीच्या पोरीला कसं देऊ?"

खोकं तिथंच ठेवून आम्ही निघालो. एस.टी.त बसल्यावर ती म्हणाली, "आता पोरी थांबायच्या न्हाईत." दुकान उठलं तर पुन्हा कोयता हातात येईल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

सुट्टी संपली. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, सूज उतरायला वेळ लागेल, कदाचित काही आठवडे. मी नगरहून रोज फोन करायचो आणि विचारायचो, "डोळे?" ती म्हणायची, "हायेत जाग्यावर." त्यापुढे एक अक्षर नाही. सूज उतरत नसेल म्हणूनच बोलत नसेल, असं मी धरून चाललो होतो.

मग एका बाजाराच्या दिवशी तिनंच फोन केला. फार चिडली होती.

"आरं, समोर नवी बाई बसली. शेठनं तेच खोकं तिला दिलंय. बाटल्यांवर तीच चिठ्ठी, माज्या फळीवरनंच दिसली. लेकरू मांडीवर, आन् हाताला सगळे रंग. मी जाऊन सांगितलं तिला. म्हनली, 'मावशी, तुमचं गिऱ्हाईक तुटलं म्हनून जळताय व्हय?' आता काय बोलायचं? पुन्हा जाऊ का सांगाया?"

"जा," मी म्हणालो. "पण तू ती चिठ्ठी ओळखलीस कशी? इतक्या लांबून दिसली तुला?"

"दिसली की. सूज उतरली डोळ्यांची. झाले चार-पाच दिस. तुला सांगायचंच ऱ्हायलं बघ."